दास्यमुक्ती ही कुणाची देणगी?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली आणि शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली. या अर्पणपत्रिकेचा आमच्याकडे होणारा गौरव यथार्थच आहे. परंतु तिच्या आधारे मुक्ती ही उदार धन्याने दिलेली देणगी असते, असा सोयीस्कर निष्कर्ष काढला जातो. तो मी नाकारतो. खुद्द अमेरिकेचा इतिहासच त्याच्या विरोधात साक्ष देतो.

तेथील यादवी युद्धात रॉबर्ट स्मॉल्स हा तेवीस वर्षांचा गुलाम चार्ल्सटन बंदरात दक्षिणेच्या सैन्याच्या ‘प्लँटर’ या आगबोटीवर राबत होता. मजुरीचा मोठा वाटा धन्याकडे जाई. काम पायलटचे, पण तो हुद्दा गुलामाला द्यायचा नाही, म्हणून त्याला नुसते सुकाणूवाला म्हणत. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर असताना त्याने व सोबत्यांनी बोट हाकारली. वाटेत बायकामुलांना घेतले. कप्तानाची गवती टोपी घालून, त्याच्याच ऐटीत उभे राहून, शिटीचे ठरलेले इशारे देत स्मॉल्सने सम्टर किल्ला ओलांडला. तोफांच्या टप्प्याबाहेर पडताच झेंडा उतरवून पांढरी चादर चढवली आणि बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. त्याच्यासह सोळा माणसे मुक्त झाली. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला तो १ जानेवारी १८६३ रोजी!

हे निव्वळ धाडस नव्हे. सक्तीच्या श्रमातून मिळालेले ज्ञान गुलामाने धन्याविरुद्ध वापरले. गुलामांनी मळे सोडून युद्धाचे पारडे फिरवले, हे डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९३५ साली साधार मांडले.

आता आमच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईकडे वळू. नामदेवाच्या घरची ही दासी. तिच्यासोबत विठ्ठल दळू लागतो, या कथेत रूढ समीक्षेला देवाची करुणा दिसते. जात्यावरचे बिनमोल श्रम दिसत नाहीत. ‘दासी’ हा शब्द भक्तीचा अलंकार होऊन बसतो. स्मॉल्सचा हुद्दा नाकारणारी आणि जनीचे श्रम झाकणारी दृष्टी एकच आहे. दलित समीक्षेनेही केवळ वेदना मोजत न बसता राबणाऱ्या हातांतील ज्ञान वाचले पाहिजे.

मात्र एक भेद विसरता येत नाही. स्मॉल्सच्या समोर, समुद्रात, धन्याच्या शत्रूचे आरमार उभे होते. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत असलेल्या परभणीच्या वेठबिगाराने कोठे पळावे? गाव सोडले तरी जात सोबत येते. येथे पलीकडचा किनाराच नाही. तो कायद्याने आणि संघटनेने उभारावा लागतो.

आणि उभारलेला किनाराही राखावा लागतो. स्मॉल्स पुढे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेला. तरीही १८९५ साली दक्षिण कॅरोलायनाच्या नव्या राज्यघटनेने काळ्यांचा मताधिकार हिरावण्याची व्यवस्था केली. त्या घटनापरिषदेत स्मॉल्स विरोधात उभा राहिला आणि हरला. बोट पळवणे एका पहाटेत साधले; मताचा हक्क राखणे मात्र पिढ्यांचे काम ठरले. आमच्या कार्यकर्त्यांनी स्मॉल्स वाचावा तो यासाठी.