बुरुड राजाचा कोट आणि कल्याणचा लोहार

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील एक टेकाड उत्खनित केले, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या गर्भात दगडी पेटी, तीत ताम्रकरंडक, त्यात एकात एक बसविलेले करंडक आणि सर्वांत आतल्या सुवर्णकरंडकात मृत्पात्राचे १३ तुकडे होते. ताम्रकरंडकाभोवती आठ लहान धातुमूर्ती वर्तुळाकार मांडलेल्या होत्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. सोपारा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते.

कलेतिहासाच्या ग्रंथांत या मूर्ती बहुधा एका ओळीत मांडलेल्या दिसतात. खाली काल, धातू आणि शैली यांची नोंद असते. आमचा आक्षेप या ओळीलाच आहे. विपस्सीपासून गोतमापर्यंतचे सात बुद्ध दीघनिकायातील महापदानसुत्तात क्रमाने येतात. आठवा मुकुटधारी मेत्तेय्य. (भावी त्राता ही कल्पना आमच्या काही वाचकांना रुचणार नाही, हे आम्ही जाणतो, परंतु मेत्तेय्याचा उल्लेख दीघनिकायातच आहे.) वर्तुळात पहिला-शेवटचा असा भेद उरत नाही, साऱ्यांच्या मध्यभागी भिक्षापात्र राहते. शिवाय या मूर्ती कोणी पाहाव्यात म्हणून घडलेल्याच नव्हत्या. विटांआड कायमच्या झाकल्या जाणार हे ठाऊक असूनही कारागिराने मुद्रांमुद्रांत भेद केला. प्रदर्शनाच्या नियमांनी या कलेचे मोल कसे व्हावे?

स्तूपात यज्ञश्री सातकर्णीचे नाणेही मिळाले, म्हणजे दुसरे शतक; मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातील मानल्या जातात. मध्यंतरी कोणीतरी स्तूप उघडून मूर्ती ठेवल्या आणि तो पुन्हा बंद केला. त्यांची नावे आपणांस उपलब्ध नाहीत. गावाने त्या टेकाडास 'बुरुड राजाचा कोट' म्हटले. पालथ्या टोपलीसारख्या आकारावरून हे नाव पडले असेल. तथापि बुद्धाचे नाव विसरलेल्या लोकस्मृतीने राजा केला तो टोपल्या विणणाऱ्यास, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही शैलीनिर्णयापेक्षा अधिक बोलकी वाटते.

कल्याणची स्मृती अशीच परगावी सांभाळलेली आहे. कान्हेरीच्या लेखांत कलियाणचा 'कमार' नंद याने दिलेल्या वाटेचा आणि सुवर्णकार सामिदत याने दिलेल्या पोढीचा, म्हणजे पाण्याच्या टाक्याचा, उल्लेख आहे. 'कमार' हाच पालीतील 'कम्मार'. तथागतांना अखेरचे भोजन देणारा चुंद हा कम्मारपुत्तच होता. कल्याणच्या अंबालिका विहाराचे नावही कान्हेरीच्याच शिळेवर आहे.

ठाणे, कल्याण वा डोंबिवली येथे यापुढे जे कलादालन उभे राहील, त्यात या आठ मूर्तींच्या प्रतिकृती वर्तुळातच मांडाव्यात, मध्ये करंडक ठेवावा आणि समोरच्या भिंतीवर नंद लोहाराचा लेख मूळ ब्राह्मी अक्षरांत, मराठी अर्थासह, डोळ्यांच्या उंचीवर लावावा.