लघु-कीबोर्ड, श्रुती आणि मींड

संगणकाला जोडावयाच्या पंचवीस पट्ट्यांच्या लघु-कीबोर्डावर आपले संगीताभ्यासक जो आक्षेप घेतात तो जुनाच आहे: ही शेवटी पेटीच, हिच्यात श्रुती नाहीत आणि मींड नाही. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली हार्मोनियमवर घातलेली बंदी ह्याच मताच्या आधारे उभी होती. ती शिथिल व्हावयास 1971 उजाडले. तथापि जुना आक्षेप नव्या वस्तूवर जसाच्या तसा लादणे समीक्षेस शोभत नाही.

हार्मोनियमचा स्वर पितळी पत्तीत कायमचा बांधलेला असतो. लघु-कीबोर्डात स्वर मुळी नसतोच. 1983 च्या मिडी संकेतानुसार पट्टी दाबली असता तिचा क्रमांक आणि दाबण्याच्या वेगाचा 1 ते 127 मधील अंक, एवढेच संगणकाकडे जाते. नाद उत्पन्न करते ती आज्ञावली. सर्ज एक्सटी अथवा झिन-अ‍ॅड-सब-एफएक्स ह्या विनामूल्य आज्ञावलींना स्काला पद्धतीची स्वरांतर-सारणी देता येते. शुद्ध गंधार 400 सेंटांवरून 386 वर आणावयाचा तर सारणीच्या त्या ओळीत 5/4 लिहिले की पुरे. मात्र षड्ज कोणत्या पट्टीवर धरला तेही सांगावे लागते. देवल आणि क्लेमेंट्स ह्यांना ज्यासाठी निराळी श्रुती-हार्मोनियम घडवावी लागली, ते आज विद्यार्थ्यास एका ओळीत साधते. मात्र सारणीतील गंधार अचल. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार कोणत्या अंकात लिहावयाचा?

मींडेची अडचण याहून खोल आहे, आणि ती सूक्ष्मतेची नव्हे. स्वर वाकविण्याच्या संदेशात 16,384 पायऱ्या असतात; कानाला त्या मोजता येणार नाहीत. परंतु रूढ मर्यादा दोन्ही बाजूंस दोन अर्धस्वरांची, आणि गंधारावरून पंचमावर जावयाचे तर तीन लागतात. मर्यादा वाढविली तरी लघु-कीबोर्डावरील दांडी बोट उचलताच मध्यावर परतते व पंचमावर विसावलेला स्वर गंधारावर कोसळतो. शिवाय हा संदेश संपूर्ण वाहिनीस लागू असल्याने त्याच वाहिनीवर तानपुरा ठेवला असेल तर तोही वाकतो. (तसा तानपुरा एकदा ऐकावाच.) प्रत्येक स्वरास स्वतंत्र वाहिनी देणारी एमपीई ही पद्धती 2018 मध्ये मान्य झाली, पण स्वस्त लघु-कीबोर्डांत ती सहसा आढळत नाही.

तेव्हा श्रुतिसारण्यांच्या तुलनेस हे साधन निःसंशय उपयुक्त आहे. प्रबंधासोबत असे ध्वनिमुद्रण जोडणाऱ्याने आपली सारणीही जोडावी. मींडेच्या उदाहरणासाठी मात्र गायकाचेच मुद्रण घ्यावे.