निषेधक क्रियाविशेषण आणि क्रमविपर्यय
‘नेव्हर’ वाक्यारंभी आणा व साहाय्यक क्रियापद कर्त्यापूर्वी ठेवा, एवढ्यावरच इंग्रजीचे बहुतेक सरावपाठ थांबतात. नांदेड-लातूरकडे मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्यास हे अपुरे पडते. ‘कधीच मी असे पाहिले नाही’ यात ‘कधीच’ आरंभी आले तरी कर्ता व क्रियापद यांचा क्रम ढळत नाही. निषेधही ‘नाही’नेच पुरा होतो. त्यामुळे ‘नेव्हर आय हॅव नॉट सीन’ असे त्याच्या हातून लिहिले गेल्यास तो निष्काळजीपणा नव्हे. अधिक मोठी उणीव अर्थाची आहे. ‘ॲट नो टाइम डिड ही रिटर्न’ म्हणजे तो कधीच परतला नाही. ‘इन नो टाइम ही रिटर्न्ड’ म्हणजे तो क्षणार्धात परतला. निषेध सबंध वाक्यास व्यापतो तेथेच विपर्यय घडतो. प्रथम ही जोडी शिकवावी; ‘सेल्डम’ त्यानंतर, कारण मराठीतील ‘क्वचितच’ला ‘नाही’ लागतच नाही.