धिंगाणा न सोडता

हुल्लडबाज रॉक बँड 'परिपक्व' झाला असं समीक्षक लिहितात, तेव्हा बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं, की लय संथावलेली असते आणि मागे व्हायोलिनं वाजू लागलेली असतात. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या 'द रिप्लेसमेंट्स'ने मात्र १९८४ साली हे काम वेगळ्या रीतीने केलं.

१९७९ च्या सुमारास जमलेलं हे चौघांचं टोळकं. बास वाजवणारा टॉमी स्टिन्सन तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांचा, लीड गिटारवर त्याचा थोरला भाऊ बॉब, ड्रमवर ख्रिस मार्स, आणि गाणी लिहिणारा-गाणारा पॉल वेस्टरबर्ग. दारू ढोसून मंचावर चढायचं, गाणं निम्म्यात सोडायचं, भलत्यांचीच गाणी वाजवून श्रोत्यांचा अंत पाहायचा, हा त्यांचा लौकिक. १९८१ च्या पहिल्या अल्बममधली १८ गाणी चाळीस मिनिटांच्या आत उरकतात, त्यावरून काय ते समजावं.

मग आला 'लेट इट बी'. नाव बीटल्सकडून बिनदिक्कत उचललेलं, म्हणजे खोड काही गेली नव्हती. पण पहिल्याच 'आय विल डेअर'मध्ये बास नाचरा होतो, मँडोलिन किणकिणतं आणि मधला गिटारचा तुकडा वाजवायला आर.ई.एम.चा पीटर बक येतो. 'अनसॅटिस्फाइड' उघडतं अकूस्टिक गिटारवर. पुढे वेस्टरबर्गचा आवाज चिरकत, फाटत जातो आणि तो फाटका आवाज कुणी दुरुस्त केलेला नाही. माझ्या मते या बँडची सगळी कमाई तिथे आहे.

खरी गंमत गाण्यांच्या क्रमात आहे. टॉमीच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनवरच्या आचरट गाण्याला लागूनच 'अँड्रॉजिनस' येतं: पियानोवरचं, बाईपुरुषपणाच्या ठरीव चौकटीत न बसणाऱ्या जोडप्याविषयीचं, कमालीचं मायेचं गाणं. आणि त्याचा अंमल उतरायच्या आत 'किस'च्या 'ब्लॅक डायमंड'चा दणका! दुसऱ्या बाजूलाही तेच. एका अचकटविचकट गाण्यानंतर सोळाव्या वर्षाच्या घुसमटीचं 'सिक्स्टीन ब्लू'. वात्रटपणा आणि हळवेपणा एकाच पोराच्या अंगात नांदतात, हे या अल्बमला कळलेलं आहे.

पुढे मोठी कंपनी मिळाली. १९८५ चा 'टिम' गाण्यांच्या बाबतीत तोलामोलाचा, पण ध्वनिमिश्रण पोकळ. १९८६ मध्ये बॉबला काढलं. १९८९ च्या 'डोन्ट टेल अ सोल'ला तर रेडिओसाठी इतकी चकाकी दिली, की गाणी तिच्याखाली गुदमरली. प्रौढपणाच्या नावाखाली झालेली ही निव्वळ इस्त्री. शेवटी २०१९ मध्ये त्याच अल्बमचं निर्मात्याने केलेलं आधीचं मिश्रण बाहेर काढावं लागलं, आणि २०२३ मध्ये 'टिम'चंही नव्याने मिश्रण झालं.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांनी 'लेट इट बी'पासून सुरुवात करावी. आणि आचरट गाणी गाळू नयेत.