कागदी मुखवटे आणि शेणाची संजा

मुलांस जगाची ओळख पुस्तकातून नव्हे तर हातांनी करून द्यावी, हा विचार आता शाळाशाळांतून रूढ झाला आहे. सोमवारी जपानचा कागदी बगळा, मंगळवारी मिसरचा पिरॅमिड, बुधवारी आफ्रिकेचा मुखवटा, असा आठवड्याचा क्रम आमच्या अन्नपूर्णा भागातील सुटीच्या वर्गांतूनही चालतो, आणि शेवटी आईबापांस बोलावून प्रदर्शन भरविले जाते. हेतू उत्तम आहे, त्याविषयी आमचा वाद नाही. वाद आहे तो पद्धतीशी.

अशाच एका प्रदर्शनात आम्ही पुठ्ठ्याचे वीस-पंचवीस मुखवटे पाहिले. खाली चिठ्ठी होती, 'आफ्रिका'. आफ्रिका हे काही एक गाव नव्हे. पन्नासाहून अधिक राष्ट्रांचे ते खंड आहे. तेथील पश्चिमेकडच्या कित्येक समाजांत मुखवटा ही भिंतीवर टांगण्याची वस्तू नसतेच. तो घालणारा नर्तक, त्याची वस्त्रे, वाद्ये आणि प्रसंग ह्या सर्वांसह त्यास अर्थ येतो. तो कोणी घालावा व कोणी पाहावा ह्याचेही निर्बंध असतात. आपल्या वाचकांस हे निराळे समजावून सांगावयास नको. पालखीतील देवाच्या मुखवट्यास कोणी हात लावावा ह्याचे नियम आपल्या देवळांतही आहेत. उद्या परदेशातील एखाद्या वर्गात मुलांनी कागदी थाळीला सोंड चिकटवून गणपती केला, खाली 'हिंदुस्थान' अशी चिठ्ठी लाविली आणि सायंकाळी तो केराच्या टोपलीत टाकून दिला, तर आपणांस काय वाटेल? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, हा आमच्या धंद्यातला पहिला पाठ. ह्या वर्गांत दुसरा पक्ष कधी हजरच नसतो. निदान शिक्षकाने त्याचे वकीलपत्र घ्यावे, इतकीच आमची अपेक्षा.

आणखी एक गोष्ट. ते पंचवीसही मुखवटे एकाच साच्याचे होते. ज्या शहरात देवळालीकर मास्तरांनी 1927 साली चित्रशाळा काढली, जेथे बेंद्रे आणि हुसेन शिकले, तेथे हे व्हावे ह्याचा खेद वाटतो. देवळालीकरांचेच शिष्य विष्णु चिंचाळकर गुरुजी (1917–2000) मुलांपुढे वाळलेली पाने, काटक्या, टाकाऊ चिंध्या मांडीत आणि त्यांत दडलेली आकृती ज्याची त्याने शोधावी म्हणत. नक्कल करण्यापूर्वी पाहावयास शिकविणे, ही त्यांची रीत.

तीच रीत येथे उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते. पितृपक्षात माळव्यातील मुली भिंतीवर शेणाने संजा काढतात. रोज नवी आकृती, वर फुलांच्या पाकळ्या, अखेरीस मोठा किलाकोट, आणि मग सारे पाण्यात सोडून द्यावयाचे. (सिमेंटच्या इमारतींत भिंतीस शेण लावू देत नाहीत म्हणून हल्ली छापील संजा बाजारात मिळते, तीही एक शोकांतिकाच.) अमेरिकेतील नवाहो लोक रोग्यास बरे वाटावे म्हणून रंगीत वाळूचे चित्र भुईवर काढतात आणि विधी आटोपताच ते मोडतात. इतक्या कष्टाचे चित्र मोडावयाचे कशाला, हा प्रश्न संजा स्वतः विसर्जित केलेल्या मुलीस परका वाटणार नाही. नवाहोंचा विधी तिने वर्गात वाळूवर उतरविण्याचे कारणच नाही. आपली संजा तिने मन लावून काढावी, आणि मग त्यांची गोष्ट ऐकावी.

विधीचे नसलेले, निव्वळ कसबाचे काम असेल तर मात्र हातानेच शिकावे. रवींद्रनाथ 1927 साली जावा बेटावर गेले, तेव्हा सोबत असलेल्या सुरेंद्रनाथ करांनी तेथील बाटिकची विद्या शांतिनिकेतनात आणली. मेण बसलेल्या जागी रंग चढत नाही, आणि मेण जरा थंड झाले की रेघ फुटते, हे कापडावर एकदा स्वतः अनुभवलेल्या मुलास जावाच्या कारागिराविषयी जो आदर वाटेल, तो दहा धड्यांनी वाटणार नाही. त्यासाठी दूर जावयास नको; उज्जैनजवळ भैरवगढला बाटिकचे काम चालते. आमच्या गोमंतकीय वाचकांकडे तर मंदिरांच्या भिंतींवरील कावकामच आहे. चुन्यावर तांबड्या कावेचा थर द्यावयाचा आणि तो ओला आहे तोच कोरून खालचा पांढरा उघडा करावयाचा. इटलीतील घरांच्या दर्शनी भिंतींवर स्ग्राफितो म्हणून जे काम दिसते, त्याचेही तत्त्व हेच. एका विटेवर हा प्रयोग करून पाहिलेल्या मुलास दोन्ही देश एकाच दुपारी भेटतील.

अन्नपूर्णा मंदिराचे हत्तींनी तोललेले, दक्षिणी धाटणीचे महाद्वार ह्या मुलांच्या रोजच्या वाटेवर आहे. ते रूप माळव्यात कसे आले, हा प्रश्न कोणत्या वर्गाने मुलांपुढे ठेवल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पुढच्या सुटीत पुठ्ठ्याचा खर्च वाचवून त्यांस मातीचा एकेक गोळा द्यावा आणि दारासमोर बसवून त्यांतला एक हत्ती घडवावयास सांगावा.