लेण्याद्री : गाण्यातली आणि दगडातली

राजदत्त यांचा ‘अष्टविनायक’ हा चित्रपट १९७९ सालचा. तो आला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण त्यातले आठ गणपतींचे गाणे मला पाठ आहे. गावच्या मंडळाचा एक कर्णा आमच्या वस्तीकडे तोंड करून बांधलेला असे. मंडपात आमची जागा कडेला, गाणे मात्र थेट घरात येई. आई भाकरी थापताना ते गुणगुणायची. तेव्हा या गाण्याबद्दल मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

जगदीश खेबुडकरांच्या या गाण्याने मराठी मनात महाराष्ट्राचा एक नकाशा पक्का केला. त्या नकाशात जुन्नरजवळची लेण्याद्री म्हणजे गिरिजात्मज. भक्तिगीताने शिलालेख वाचून दाखवावेत असे माझे म्हणणे नाही. ते त्याचे कामच नव्हे. माझा आक्षेप आहे तो गाण्याच्या आठवणीलाच इतिहास समजून थांबणाऱ्या सुशिक्षितांवर, आणि त्यांत आम्ही प्राध्यापकही आलो.

गेल्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलो. सहलीच्या सूचनेत ‘शिवनेरी व लेण्याद्री गणपती’ एवढेच लिहिले होते. पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढताना एका मुलाने विचारले, “सर, देवाला तिकीट कशाला?” प्रश्न नेमका होता. तिकीट देवाचे नाही, लेण्यांचे आहे. गणपती आहे तो सातव्या लेण्यात, म्हणजे वीस खोल्यांच्या बौद्ध विहारात. मधल्या एवढ्या मोठ्या दालनात एकही खांब नाही. शेजारचे सहावे लेणे चैत्यगृह आहे. आत स्तूप, आणि कल्याणच्या सुलसदत्ताने ते दान दिल्याचा ब्राह्मी लेख. दर्शन घेतलेली माणसे त्या दारावरून सरळ उतरून जात होती.

जुन्नरच्या डोंगरांतल्या इतर लेखांविषयी मी पायऱ्यांवर बसून सांगितले. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली. दुसऱ्या एका लेखात धर्मकार्यासाठी ठेवलेल्या ठेवीची नोंद आहे. ती ठेव बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे होती. म्हणजे सुमारे अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी या गावात बांबू सोलणाऱ्यांच्या हाती लोक विश्वासाने पैसा ठेवीत, आणि ते दगडावर कोरून ठेवीत.

मागे बसलेल्या एका मुलीने विचारले, “बांबूकाम करणारे म्हणजे बुरूडच ना सर? म्हणजे आम्हीच?” तिचे वडील आजही सुपे-टोपल्या विणतात.

‘हो’ म्हणणे सोपे होते. सगळे तिच्याकडे वळून पाहत होते. पण श्रेणी ही व्यवसायाची संघटना. तिच्यापासून आजच्या जातीपर्यंत सरळ रेघ ओढायला माझ्याकडे पुरावा नाही. तसे मी तिला सांगितले. तिचा चेहरा उतरला. मग एवढे म्हणालो की, हे काम हलके आहे असे त्या लेखात कुठेही नाही. हलकेपण नंतर चिकटवले गेले, आणि ते कसे चिकटले हा अभ्यासाचा विषय आहे.

आपल्या चळवळीच्या लेखनालाही मला येथे दोष द्यावासा वाटतो. ‘ही लेणी आमची’ एवढे म्हणून आपण थांबतो. ते म्हणावेच लागते, कारण समोरचा आठवायलाच तयार नाही. पण लेणी कोणी खोदवली, पैसा कोठून आला, तो कोणी सांभाळला, याची नावनिशी दगडावर असताना आपण घोषणेवर भागवतो. ही आळशी माया आहे. गाण्यावर भागवणाऱ्यांपेक्षा आपण मग फार वेगळे राहत नाही.

त्या मुलीने नंतर हे लेख कुठे वाचायला मिळतील म्हणून विचारले. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी ते १८८१ साली इंग्रजीतून छापले आहेत. तिचे इंग्रजी कच्चे; माझेही तिच्या वयात तसेच होते. सध्या दर शनिवारी तास संपल्यावर आम्ही चौघेजण बसून एकेक लेख मराठीत उतरवतो. आतापर्यंत नऊ झाले आहेत.