हातातले द्वंद्व

शाळेत मराठी व्याकरण शिकलेल्या वाचकांना द्वंद्व समास आठवत असेल. ‘रामलक्ष्मण’ म्हटले की राम आणि लक्ष्मण ही दोन्ही पदे सारख्याच तोलाची. त्यांतील एकाला गौणत्व दिले की तो समास द्वंद्व राहत नाही. हाच शब्द आपण भीम आणि जरासंध यांच्या झुंजीलाही लावतो. जोडी आणि झुंज या दोहोंना भाषेने एकच नाव द्यावे, यात मोठे शहाणपण आहे असे आम्हांस वाटते. झुंजीला दुसरा लागतो आणि तो तोलामोलाचा लागतो.

हे व्याकरण आम्हांस आठवण्याचे कारण मात्र व्याकरणाचे नाही. गेले काही महिने भिलाईतील आमच्या सरकारी क्वार्टरात एक लहानसे यंत्र मुक्कामास आले आहे. प्लेस्टेशन पोर्टेबल, मुलांच्या भाषेत पीएसपी, हे ते यंत्र. आमच्या धाकट्या बंधूंनी नागपुरात कॉलेजात असताना ते घेतले होते; संसारास लागल्यावर त्यांनी ते आमच्या चिरंजिवांस देऊन टाकले. त्यासोबत जी एकच तबकडी आली तिचे नाव ‘ड्रॅगन बॉल झेड : शिन बुडोकाई’. ग्रंथपरीक्षणाच्या पानांत खेळण्याचे परीक्षण कशाला, असा प्रश्न वाचक करतील. परंतु ज्या कथेवर हा खेळ उभा आहे ती जगातील कोट्यवधी मुलांनी वाचलेली आणि पाहिलेली कथा आहे. आपल्या मुलांच्या मनात भीमार्जुनांच्या शेजारी जे वीर येऊन बसले आहेत, त्यांची विचारपूस करणे हे टीकेचेच काम आहे.

अकिरा तोरियामा या जपानी चित्रकाराची ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा १९८४ ते १९९५ या काळात एका साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या उत्तरार्धावर बेतलेली ‘ड्रॅगन बॉल झेड’ ही ॲनिमे मालिका जपानात १९८९ ते १९९६ पर्यंत चालली आणि या शतकाच्या आरंभी कार्टून नेटवर्क वाहिनीवरून ती आपल्याकडेही आली. आमच्या पिढीतील पुष्कळांनी ती शाळेचे दप्तर टाकून पाहिलेली आहे. तोरियामा २०२४ च्या मार्चमध्ये निवर्तले, तेव्हा या वयातही आम्हांस चुटपुट लागली.

कथेचा नायक सोन गोकू. हे नाव म्हणजे सुन वुकोंग या चिनी नावाचा जपानी उच्चार. सुन वुकोंग हा सोळाव्या शतकातील ‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी कादंबरीतील वानरवीर, आणि ज्या भिक्षूबरोबर तो पश्चिमेस निघतो तो भिक्षू म्हणजे ह्युएनत्संग. कादंबरीतील ही पश्चिम म्हणजे आपला भारत! सातव्या शतकात ह्युएनत्संग खरोखरच येथे आला. त्याने वर्णिलेला कोसल देश म्हणजे दक्षिण कोसल, अर्थात आजचा छत्तीसगड, असे अभ्यासक मानतात. पुढे तो दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रातही गेला. तेथील लोकांविषयी त्याने जे लिहून ठेवले आहे ते प्रत्येक मराठी माणसाने लक्षात ठेवावे असे आहे. हे लोक अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत. पण शत्रूवर चालून जाण्यापूर्वी त्याला सूचना देतात, दोघेही सशस्त्र झाल्यावरच भिडतात, आणि शरण आलेल्याला मारीत नाहीत.

गोकूची रीत अगदी हीच आहे. प्रतिस्पर्ध्याने आपले पूर्ण बळ गोळा करावे म्हणून तो थांबतो. हरलेल्या पिकोलोला तो उठवून उभा करतो. आपल्याला जवळजवळ ठार करणाऱ्या वेजिटाला जिवंत जाऊ देतो. त्याच्या दृष्टीने प्रतिस्पर्धी हा नाहीसा करावयाचा अडथळा नसतो. तो पुन्हा कधी तरी भेटावा, अधिक बलवान होऊन भेटावा, अशी त्याची इच्छा असते. कथेत वेजिटा शेवटी सोबती होतो तो यामुळेच. आता ही द्वंद्वाची जाण खेळात किती उतरली आहे ते पाहू.

‘शिन बुडोकाई’ म्हणजे खरी मल्लसभा. आपल्या शब्दांत कुस्त्यांचा फड. २००६ साली हा खेळ निघाला. तो ओसाकाच्या डिम्प्स या संस्थेने घडविला. तिचे संस्थापक ताकाशी निशियामा यांनीच १९८७ चा ‘स्ट्रीट फायटर’ दिग्दर्शित केला होता. वंश उत्तम आहे आणि तो हाताला जाणवतो. तळहाताएवढ्या पडद्यावर आकाशात, जमिनीवर, पाण्यावर दोन योद्धे भिडतात. बटण दाबले आणि हात चालला नाही असे कधी होत नाही. या खेळाचा खरा गुण त्याच्या हिशेबात आहे. प्रत्येक योद्ध्यापाशी ‘की’ नावाची शक्ती असते. कामेहामेहाचा झोत सोडावयाचा तर ती खर्चावी लागते, रूप पालटावयाचे तर ती लागते, आणि ‘ऑरा बर्स्ट’ ही युक्ती वापरून क्षणार्धात प्रतिस्पर्ध्याच्या पाठीशी प्रकट व्हावयाचे तरीही तीच. जो पहिल्याच झटक्यात सारी शक्ती उधळतो तो शेवटी रिकाम्या हाताने मार खातो. मार्चअखेरीची तंगी ज्यांनी पाहिली आहे त्या आमच्या बांधवांना हे तत्त्व समजावून सांगावयास नको. नुसती बटणे बडविणाऱ्या खेळाडूचा पाडाव करणारा हा हिशेब म्हणजे निर्मात्यांच्या कौशल्याची खूण होय.

खेळातील मुख्य कथा ‘फ्यूजन रीबॉर्न’ या १९९५ च्या चित्रपटाच्या आधाराने रचली आहे. त्या चित्रपटाचा आरंभ आम्हां कचेरीवाल्यांस विशेष रुचेल असा आहे. परलोकाच्या दारात एन्मा बसलेला असतो. हा आपला यमच. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात पोचलेला. तोरियामांनी त्याला सूट चढवून, भल्या मोठ्या मेजामागे बसवून, मृतांच्या कागदांवर शिक्के मारावयास लावले आहे. त्याच्या कचेरीत आत्म्यांतील पाप धुण्याचे एक यंत्र असते. त्याच्यावर नेमलेला तरुण कर्मचारी कानाला संगीत लावून बसतो, टाकी भरून फुटते, आणि ते सारे पाप अंगावर घेऊन तो जानेम्बा नावाचा राक्षस बनतो. परलोकाची व्यवस्था कोलमडते आणि मृत माणसे पृथ्वीवर परततात. एका कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या दुर्लक्षाने जन्ममृत्यूचे दफ्तर उलटेपालटे व्हावे, ही कल्पना विनोदी आहे तितकीच भेदकही आहे. खेळाने मात्र जानेम्बाचे बळ घेतले आणि कचेरी बहुतांशी मागे ठेवली. ‘ड्रॅगन रोड’ नावाच्या कथाभागात आपण नकाशावर एका लढतीकडून दुसरीकडे जातो. मधल्या वेळी स्थिर चित्रे समोरासमोर येऊन दोन-चार वाक्ये बोलतात, की पुन्हा हाणामारी. त्याच त्याच योद्ध्यांशी इतक्या वेळा गाठ पडते की सूड, भय, पश्चात्ताप यांची धार बोथट होऊन जाते.

याहून मोठी हानी एका दुसऱ्या स्थळी झाली आहे. जानेम्बा एकट्याने हरत नाही, म्हणून चित्रपटात गोकू आणि वेजिटा यांना एकरूप व्हावे लागते. त्यासाठी दोघांनी एक नृत्य करावयाचे असते. दोघांचे अंगविक्षेप आरशातल्याप्रमाणे तंतोतंत जुळले पाहिजेत. मानी वेजिटाला त्या नाचाची लाज वाटते; पहिल्या प्रयत्नात त्याचे एक बोट नीट लांब होत नाही आणि दोघांचा मिळून एक लठ्ठ, दुबळा, हास्यास्पद प्राणी तयार होतो. दुसऱ्या वेळी बोट जुळते आणि गोजिटा जन्मास येतो. गोजिटा हे नावही दोन नावांचा समास आहे! आजन्म स्पर्धकांना एकमेकांशी बोटाच्या टोकापर्यंत जुळवून घ्यावे लागते, हा त्या कथेचा गाभा. खेळात गोजिटा हा स्वतंत्र योद्धा म्हणून हाती येतो. लाज नाही, फसणे नाही, जुळवून घेणे नाही. समास मिळाला, पण विग्रह हरवला.

येथे आम्हांस आमच्या परिसरातील पंडवानीची आठवण होते. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई, ज्यांना २०१९ साली पद्मविभूषण मिळाले, त्यांनी ही कला जगभर नेली. हातात एक तंबोरा. तोच भीमाची गदा होतो आणि तोच अर्जुनाचे धनुष्य. सारे महाभारत एकच कलावंत उभे करतो असे वाटते, पण शेजारी रागी बसलेला असतो. तो हुंकार देतो, प्रश्न विचारतो, आश्चर्य करतो, आणि त्याच्या प्रत्येक हुंकारागणिक कथा पुढे सरकते. एकट्याच्या कथनालाही लोकपरंपरेने दुसरा माणूस दिला, हे या यंत्राच्या संदर्भात विसरता येत नाही.

कारण खरा प्रश्न या यंत्राशी एकटे बसलेल्या मुलाचा आहे. दोघांनी खेळावयाचे तर दोघांच्या हाती एकेक यंत्र हवे, आणि ती यंत्रे बिनतारी जोडली जातात ती केवळ जवळजवळ बसल्यावर. आमच्या वरच्या मजल्यावरील मुलाकडे असे यंत्र होते. मागील हिवाळ्यात दोघे जिन्याच्या पायरीवर बसून तासन्‌तास झुंजत, भांडत आणि पुन्हा झुंजत. एप्रिलात त्याच्या वडिलांची राउरकेल्यास बदली झाली. तेव्हापासून आमचे चिरंजीव यंत्राशीच लढतात. यंत्र हरले तर रुसत नाही आणि जिंकले तर चिडवीत नाही. आठवड्याभरात त्यांनी त्याच्या साऱ्या खोडी ओळखल्या. पंधरवड्यात खेळ नुसता सवय होऊन राहिला. मराठी मुलुखापासून दूर, दर तीन-चार वर्षांनी गाव बदलणाऱ्या आपल्या घरांतील मुलांना काय लागते, याचा उलगडा आम्हांस त्या पंधरवड्यात झाला. हातात मावणारे यंत्र सामानाबरोबर कोठेही नेता येते. पायरीवरचा प्रतिस्पर्धी नेता येत नाही.

म्हणून आमचा अभिप्राय असा : कथा म्हणून हा खेळ तोकडा आहे, मूळ चित्रकथेतील औदार्य आणि विनोद त्यात फारसा उतरला नाही. झुंज म्हणून तो उत्तम आहे, परंतु समोर माणूस असेल तेव्हाच. हे यंत्र घडविणे २०१४ मध्येच थांबले असल्याने ते आता जुन्या बाजारातच मिळते. कोणी मुलासाठी घेणार असेल तर त्याने दोन घ्यावी आणि दुसरे स्वतः हाती धरावे.

आम्ही गेल्या महिन्यात तेच केले. आमच्या पराभवांची मोजदाद येथे देत नाही. एवढेच नमूद करतो की प्रत्येक लढतीपूर्वी चिरंजीव मान वर करून विचारतात, “बाबा, तयार झालात का?” आणि आम्ही होकार दिल्याशिवाय ते बटणाला हात लावीत नाहीत.